तळाचं पाणी

१

यशश्रीची झोप त्या रात्री एका जंतूने घालवली, आणि तो जंतू मेलेला होता की जिवंत, हे कोणीच सांगायला तयार नव्हतं.

चोराची भीती असती तर उठून कडी बघता आली असती. भुताची असती तर स्वतःलाच हसून कूस बदलली असती. शेवटी नागपूरची एम.एस्सी. होती ती, मायक्रोबायोलॉजी, पहिला वर्ग. पण ही भीती तिच्याच विषयातली होती, त्यामुळे हसायची सोय नव्हती. पोटात राहणारा हा जंतू. पोटात असतो तोवर पीळ दिल्यासारखा, लांबट. बाहेर पाण्यात पडला, खायला मिळेनासं झालं, की अंग आक्रसून गोल होतो. मग प्रयोगशाळेच्या थाळीत त्याला कितीही पौष्टिक घाला, तो वाढत नाही. थाळी कोरी, रिपोर्ट कोरा. पण मेलेलाही नसतो. नुसता पडून राहतो. असा पडून राहिलेला जंतू घोटाबरोबर पुन्हा कोणाच्या पोटात गेला तर?

एका रिसर्च पेपरात उंदरांना आजार झाला होता. दुसऱ्यात झाला नव्हता. माणसांचं विचाराल, तर सगळे शास्त्रज्ञ ‘याबाबत अधिक संशोधन व्हायला हवं’ एवढं बोलून निघून गेले होते. आणि तिची पाच वर्षांची स्वानंदी त्या संशोधनाची वाट न बघता पोट धरून बसायला लागली होती.

हिवाळ्यात तो पहिल्यांदा स्वानंदीच्या पोटात सापडला, मग तिच्या बापाच्या. डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना औषधं दिली. सासूबाईंनीसुद्धा कुरकुरत का होईना, सगळ्या गोळ्या संपवल्या. होळीपर्यंत सगळ्यांचे रिपोर्ट साफ आले. आणि एप्रिल तापायला लागला तसं पोरीचं पोट पुन्हा दुखू लागलं. तपासणीत पुन्हा तोच. घरात कोणाकडेच नव्हता, तर आला कुठून?

तिचा नवरा अनुपम रेल्वेच्या ऑफिसात होता आणि त्याचा स्वभावही वेळापत्रकासारखा होता. जे छापलेलं नाही ते येणार नाही. तो म्हणाला, “यशू, बाकीच्या बाया उगाच घाबरतात. तू डिग्री घेऊन घाबरून राहिलीस.”

यात तथ्य होतं. भित्र्या माणसाला पदवी मिळाली की लोक त्याला दक्ष म्हणतात, हे तिने स्वतःवरूनच ताडलं होतं. पण दक्ष म्हणा नाहीतर भित्री, पहाटे दूधवाल्या भैयाची सायकल वाजली तेव्हा तिचा विचार ठरला होता. घरातलं पाणी तपासायचं. सगळं.

२

सकाळी घर नेहमीसारखं धावत होतं. ओट्यावर कुकरच्या शिट्ट्या, आरओ मशीनची घरघर. सासूबाई, म्हणजे अनसूयाबाई, पूजा आटोपून गुंडात वरून ताजं पाणी ओतत होत्या. तांब्याचा तो गुंड, म्हणजे रुंद तोंडाची घागरच, स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधल्या बोळीत एका बुटक्या घडवंचीवर बसलेला असे. आईंना आरओचं पाणी चालत नसे. “त्याला न चव न ढव,” त्या म्हणत. “मशीनची थुंकी आहे ती.”

यशश्रीने तीन स्वच्छ बाटल्या आणल्या होत्या. नळाचं पाणी घेतलं, आरओचं घेतलं. गुंडावरचं झाकण उचललं तर आई मागे उभ्या.

“ह्याचं काहून?”

“सगळंच घेते आहे, आई.”

“तांब्यातल्या पाण्यात काही जगत नाही. तुझे सायन्सवालेच सांगतात.”

हेही खरं होतं. तिने ओगराळं बुडवून बाटली भरली. आई तिथून हलल्या नाहीत.

बाहेर स्कूल व्हॅनचा हॉर्न वाजला. स्वानंदी खोलीत नव्हती, मोरीत नव्हती. यशश्री हाका मारत पुन्हा बोळीत आली आणि थबकली.

पोरगी घडवंचीपाशी गुडघ्यांवर बसली होती. शाळेचा शर्ट वर केलेला, उघडं पोट तांब्याला चिकटवलेलं, दोन्ही हातांनी गुंडाला मिठी. गालही तांब्यावर टेकलेला. डोळे मिटलेले. दमून घरी आलेला कामगार भिंतीला पाठ टेकतो, तसं काहीतरी त्या बसण्यात होतं.

“नंदू? काय करतेस बाळा?”

डोळे न उघडता स्वानंदी म्हणाली, “कोणं टाकले कोळसे माह्या पोटात?”

पुन्हा हॉर्न. पोरीने डोळे उघडले, यशश्रीकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “मम्मी, पेट दुख रहा है. आज नहीं जाना.”

व्हॅनवाल्या भैयांना परत पाठवून यशश्री आत आली, तेव्हा तिला आधी खरं म्हणजे आनंदच झाला होता. जबलपुरात जन्मलेली ही पोर. घरात सगळे मराठी बोलत, तिला सगळं कळे, पण तोंडातून निघे ती हिंदीच. ‘आजी, दो ना’ आणि ‘पापा, देखो ना’. नागपूरची आजी फोनवर रडकुंडीला येई. आणि आज एकदम अख्खं मराठी वाक्य!

मग तिला ‘माह्या’ खटकलं. घरात असं कोणीच बोलत नव्हतं. सासूबाई सागरकडच्या, त्यांच्या बोलण्यात हिंदी डोकावे, सासरचं एखादं ‘काहून’ही. पण ‘माह्या’ नाही. मोबाईलवर काहीतरी बघितलं असेल, यशश्रीने ठरवलं. स्पष्टीकरण मिळालं की तिला बरं वाटे, आणि बरं वाटलं की तिचं तिलाच संशयास्पद वाटे.

३

प्रणोती तिची कॉलेजची मैत्रीण, इथेच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. तिन्ही बाटल्या तिच्याकडे दिल्या होत्या. आठवड्याने तिचा फोन आला तेव्हा दुपार होती. स्वानंदी पलंगावर गाढ झोपलेली, आई देवळात भजनाला गेलेल्या, कूलर धडधडत होता.

“थाळ्या कोऱ्या,” प्रणोती म्हणाली. “तिन्ही. उगवलं काही नाही.”

“म्हणजे साफ.”

“नळाचं आणि आरओचं साफ. तिसरी बाटली कुठली गं?”

“का?”

“थाळीत काही नाही. पण जिवंत-मेलेलं कळायचा रंग घातला, तर मायक्रोस्कोपखाली हिरवे ठिपके. गोल गोल. मेलेले लाल दिसतात, तुला माहीतच आहे. मग मी त्याची जीन तपासणी करवून घेतली. तुझ्या त्या पाहुण्याची खूण लागते आहे.”

“तांब्याच्या भांड्यात?”

“मलाही नवल वाटलं. आतून जुना थर बसला असेल तर त्याच्या आडोशाला राहत असतील. राहत असतील म्हणते मी, छातीठोक नाही सांगत. आणि यशू, एक सांगू? गोल झाल्यावर ते फार टिकत नाहीत असं आपण शिकलो होतो. हे काल-परवाचे वाटत नाहीत. फार दिवसांचे आहेत.”

“त्यांच्यापासून आजार होतो का?”

पलीकडे प्रणोती हसली, पण ते हसू अर्ध्यातच मोडलं. “मला काय विचारतेस? ते तर तुझं पोरगं सांगेल.”

तेवढ्यात वीज गेली. कूलर कण्हत कण्हत थांबला आणि घर एकदम गप्प झालं. त्या गप्प घरात, बोळीतून, आवाज आला. घोट घेतल्याचा. एकच. मोठ्या गळ्यातून उतरलेला.

यशश्रीने वळून पाहिलं. स्वानंदी पलंगावरच होती, तोंड किंचित उघडं, कपाळावर घाम.

ती बोळीत गेली. कोणी नव्हतं. गुंडावर झाकण होतं. पाण्यात बुडबुडा फुटला असेल, धातू तापतो-निवतो, आवाज होतो, हे तिला नववीच्या मुलांना शिकवता येत होतं. तिने झाकणाला हात लावला. ते वरून ओलं होतं.

४

संध्याकाळी अनुपम चहा घेऊन मागच्या पायरीवर बसला. तिने त्याला हिरव्या ठिपक्यांचं सांगितलं. घोटाचं नाही सांगितलं. तेवढी अब्रू तिने राखली.

“मग आईचा गुंड घासून टाक ना एकदा चिंचेने. संपलं,” तो म्हणाला. “त्यात एवढं काय?”

“आणि स्वानंदी मागच्या आठवड्यात मराठी बोलली. सांगायचं राहिलंच.”

“अरे वा! काय बोलली?”

“गुंडाला पोट लावून बसली होती, मिठी मारून. म्हणे, कोणं टाकले कोळसे माह्या पोटात.”

अनुपमचा कप बशीवर टेकला, पण बशीच्या मध्यावर नाही. चहा त्याच्या पँटवर सांडला आणि त्याला ते कळलं नाही.

“परत सांग.”

तिने परत सांगितलं.

“बाबा असंच म्हणायचे,” तो म्हणाला.

त्याचे वडील, भय्यासाहेब. फॅक्टरीत भट्टीवर होते. अमरावतीकडच्या खेड्यातून इथे आले आणि मरेपर्यंत तिथलीच बोली बोलले. पोटात अल्सर. दुर्बीण घालून तपासायचं म्हटलं की ते घरातून निघून जात. दुखायला लागलं की बोळीत जाऊन, बनियन वर करून, त्या गार गुंडाला मिठी मारून बसत. उतारा पडला की भांडं न घेता गुंडालाच तोंड लावून पीत. आणि दरवेळी तीच थट्टा, जणू फॅक्टरीतल्या कोणी मस्करी केली आहे. कोणं टाकले कोळसे माह्या पोटात?

“तू सांगितलंस तिला?” यशश्रीने विचारलं.

“ती जन्मायच्या आधी, आपल्या लग्नाच्याही आधी गेले ते.”

“तरी. गोष्ट म्हणून.”

“यशू,” तो म्हणाला, “मी हे तुलाही कधी सांगितलं नाही.”

शेजारच्या घरातून टीव्हीवरच्या मालिकेचं संगीत येत होतं. यशश्री वर्गात शिकवावं तशा आवाजात बोलायला लागली, कारण तो आवाज कापत नसे. “हे बघ, यात विचित्र काही नाही. हा जंतू घराण्यातच फिरतो. बाबांकडून तुझ्याकडे आला, त्यांच्याकडे त्यांच्या आईकडून, तिच्याकडे तिच्या आईकडून. हजारो वर्षं असाच पोटापोटांतून चालत आलाय तो. माणसं जिथे गेली तिथे. तोच जंतू म्हटल्यावर दुखणंही तसंच असणार, आणि गार वस्तू पोटाला लावावी हे कोणालाही सुचेल.”

“बरोबर,” अनुपम म्हणाला. मग पँटवरचा चहा झटकत त्याने विचारलं, “आणि जंतू कोळसे म्हणतो का गं?”

५

दुसऱ्या दिवशी अनुपम ऑफिसला गेला आणि यशश्री सासूबाईंसमोर जाऊन बसली. आई मेथी निवडत होत्या. आत स्वानंदी चित्रं रंगवत हिंदीत स्वतःशी बडबडत होती.

“आई, हा गुंड रिकामा कधी केला होता?”

“रोजच तर भरते.”

“भरता. रिकामा कधी करता?”

आईंनी एक काडी मोडली, पानं एकीकडे टाकली. दुसरी मोडली. ती पानांसकट कचऱ्यात टाकली.

“माणूस गेला की घरातलं भरलेलं पाणी ओतून देतात,” त्या म्हणाल्या. “ठाऊक आहे ना तुला? हंडे, बादल्या, सगळं. घरात थेंब ठेवत नाहीत. हे गेले तेव्हा मी ओतलं. बाया बघून राहिल्या होत्या, एकेक भांडं पालथं घातलं. हा तेवढा नाही ओतला.”

“का?”

“काहून म्हणजे? पहाटेच त्यांनी ह्याला तोंड लावलं होतं. प्यायले, मिशा पुसल्या, मला म्हणाले, जाय, चहा टाक. मी चहा घेऊन आले तर...” त्यांनी आणखी एक काडी मोडली. “कपडे अनुपमने वाटून टाकले. चष्मा त्यांच्यासोबत गेला. माझ्याजवळ राहिलं काय होतं, बेटा? ह्यात त्यांचं उष्टं होतं. पदराखाली झाकून मागच्या दाराने शेजारी नेऊन ठेवला आणि तेरावं झाल्यावर परत आणला. तेव्हापासून तळाचं तसंच ठेवते. ओंजळभर. वरून रोज ताजं घालते.”

यशश्रीला वाटलं आपण ओरडणार. पण आवाज निघाला तो कुजबुजीचा. “आणि स्वानंदीला?”

“उष्टावणाला पहिला चमचा ह्याचाच दिला. सगळ्या नातवंडांना आजोबा भरवतात. हिला कोण भरवणार होतं?”

यशश्रीला ते उष्टावण आठवलं. चांदीची वाटी-चमचा तिने स्वतः उकळला होता. खीर झाकून ठेवली होती, पाहुण्यांना हात धुवायला लावले होते, आणि सगळे तिला हसले होते. पहिला घोट पाण्याचा होता. तो कुठून आला, एवढंच तिने बघितलं नव्हतं.

“आई, ती त्यांच्यासारखं बोलते.”

“ठाऊक आहे मला.”

“तुम्हाला ठाऊक आहे?”

“मला बरं वाटायचं.” आईंनी मेथीकडे बघतच सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर एखाद्या नव्या नवरीची लाज येऊन गेली, आणि यशश्रीला त्यांचा राग करता येईना. पण मग ती लाज ओसरली आणि तिच्या जागी जे आलं ते यशश्रीने या बाईच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

“फक्त त्यांच्यासारखं असतं तर मी कोणाला सांगितलं नसतं,” आई म्हणाल्या. “परवा मी इथेच बसले होते. पोरगी मागून आली. म्हणाली, पदर घे डोक्यावर, घरात मोठी माणसं आहेत.”

“टीव्हीवर...”

“माझी सासू असं म्हणायची. ह्याच शब्दांत. अनुपम पाळण्यात होता तेव्हा गेली ती.” आईंनी मेथीची परात बाजूला सारली. “मला वाटलं, माझ्या कानांचे खेळ आहेत. चलो, उठ. ओतून टाक तो. मला नाही होणार. तू ओत.”

६

दोघींनी मिळून गुंड मागच्या अंगणात आणला. उन्हाने फरशी अशी तापली होती की चप्पल असूनही तळव्यांना धग लागत होती. यशश्रीने मुद्दाम तीच जागा निवडली. नालीत ओतलं तर पाणी कुठेतरी पोचतं. इथे वाळून जाईल. उन्हासारखं निर्जंतुक दुसरं काही नाही, असं ती स्वतःला बजावत होती. आई पायरीवर बसल्या, तोंडात पदराचा बोळा धरून.

तिने गुंड कलंडवला. वरचं पाणी भसकन् गेलं, फरशीवर पसरलं आणि कडांनी लगेच वाळायला लागलं. पण तळाचं पाणी येईना. तिने गुंड आणखी वाकवला, पालथाच धरला, तेव्हा ते आलं, गुंडाच्या गळ्यातून अडत अडत. घट. घट. घट. कोणी तहानलेलं माणूस पीत असावं, तसं.

शेवटचा थेंब पडला. ती गुंड सरळ करून आत डोकावली. आतला तांबा हिरवट-काळा पडला होता. फक्त काठाच्या आतल्या बाजूला एक जागा झिजून लख्ख झाली होती, ओठांएवढी. तिच्या शेजारी एक लहान, ताजी. आणि मग तिला बाकीच्या दिसल्या. फिकट, जुन्या, एकीला लागून एक, काठभर.

ओगराळं घासून झालं असेल, तिने मनात म्हटलं. हा विचार अजून पुरा व्हायचा होता तेव्हाच तिच्या लक्षात आलं की आवाज थांबलेला नाही.

घट. घट. घट.

गुंड तिच्या हातात होता, कोरडा. आवाज घरातून येत होता.

ती धावली. उन्हातून एकदम आत आल्यावर बोळीत आधी काहीच दिसेना. मग दिसलं. स्वानंदी रिकाम्या घडवंचीसमोर उभी होती, दाराकडे पाठ करून. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. हातात पेला नव्हता. डोकं मागे टाकलेलं, इतकं मागे, की यशश्रीला तिचं कपाळ उलटं दिसत होतं. आणि गळा हलत होता. गिळत होती. श्वास न घेता, काही नसताना, गिळत होती.

“नंदू!”

गळा थांबला. डोकं सावकाश सरळ झालं. पोरीने हाताची पाठ वर नेली आणि वरच्या ओठावरून, नसलेल्या मिशांवरून, डावीकडून उजवीकडे ऐसपैस फिरवली. मग तोच हात कानामागून वर गेला. बोटांची चिमूट झाली, आणि तिने नसलेला पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. नेटका. जन्मभर घेतल्यासारखा.

त्यानंतरही हात थांबला नाही. त्याने आणखी काहीतरी केलं, आणि त्यानंतर आणखी काही. एकामागून एक, घाईघाईने, रांगेत उभं असल्यासारखं. ते काय होतं हे यशश्रीने पुढे कोणालाच सांगितलं नाही. त्यातली एक लकब तिने आरशात पाहिलेली होती, एवढंच.

मग पोरगी वळली. लाल खडूने माखलेली हनुवटी, पुढचा दात पडलेला. “मम्मी, भूख लगी,” ती म्हणाली.

यशश्रीच्या मागे दाराच्या चौकटीला धरून आई उभ्या होत्या.

“आई, पाहिलंत?”

“मी काही नाही पाहिलं,” आई म्हणाल्या. त्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि कितीतरी वेळ तेच म्हणत राहिल्या. “मी काहीच नाही पाहिलं, बेटा. तूही नाही.”

७

औषधं पुन्हा झाली. या वेळी डॉक्टरीणबाईंनी दुसरी, जास्त कडक दिली. गुंड चिंच-मिठाने घासून, उकळत्या पाण्याने धुऊन यशश्रीने अंगणात पालथा घातला, आणि एके दिवशी अनुपमने तो कुठेतरी नेऊन टाकला. कुठे, ते कोणी विचारलं नाही. आई आरओचं पाणी प्यायला लागल्या, तेही न कुरकुरता, आणि त्यामुळे त्या एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या.

स्वानंदी खायला लागली. गाल भरले. शेजारच्या मुलांशी हिंदीत भांडायला लागली, हिंदीत खोटं बोलायला लागली. एकदाही मराठी शब्द नाही. नागपूरच्या आजीने फोनवर तक्रार केली तेव्हा यशश्रीला हुंदका आला आणि तिने तो खोकल्यात लपवला.

औषधं थांबून पुरेसा काळ गेल्यावर तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला. “कुछ नहीं है. बिलकुल साफ.” स्वानंदीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, “अब मम्मी को भी बोलो, डरना बंद करे.”

कुछ नहीं है. काही सापडलं नाही. याच वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं तिला चार सेमिस्टर शिकवलं होतं. सापडलं नाही म्हणजे नाही असं नव्हे. पण माणूस किती दिवस स्वतःच्या डिग्रीला घाबरणार? अनुपम स्कूटरवर शीळ घालत होता. वाटेत त्याने खोव्याची जिलेबी घेतली. घरी आल्यावर पोरगी ओट्यावर चढून बसली, पाय हलवत, पाकाने बोटं बरबटवून. खिडकीतून सकाळचं पांढरंशुभ्र ऊन तिच्या गुडघ्यांवर पडलं होतं. आई पुढच्या खोलीत देवापाशी साखर ठेवत होत्या. वाटी ठेवल्याचा आवाजही ऐकू आला. सगळं जागच्या जागी होतं. यशश्रीने ओल्या फडक्याने पोरीचं तोंड पुसलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं.

तिने एवढंच विचारायला नको होतं.

“नंदू, खरं खरं सांग. आता पोट मुळीच नाही ना दुखत?”

हलणारे पाय थांबले. स्वानंदीने मान जरा कलती केली. बंद खोलीच्या दाराला कान लावावा, तशी. मग चिकट तळवा अलगद पोटावर ठेवला आणि यशश्रीच्या तोंडाजवळ तोंड आणून, आवाज अगदी खाली उतरवून ती म्हणाली,

“नाही दुखत. निजले सगळे. आता तू उठवू नको त्यांना.”